कोण सोडत नाहीये?

रात्री दोनच्या सुमाराला मी सर्व्हरचा लॉग उघडला, तर त्यात एकच ओळ धो धो येत होती: ‘टू मेनी ओपन फाइल्स’, उघडलेल्या फायली फार झाल्या. कितीही मागे गेलं तरी तीच. सर्व्हर बंद पडला नव्हता. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, मेमरी अर्ध्याहून जास्त मोकळी, डिस्क शांत. तरीही येणारं प्रत्येक कनेक्शन तो दारातूनच परत पाठवत होता. सर्व्हरवर ताण येतो म्हणजे काहीतरी तापतं, भरतं, धापा टाकायला लागतं, अशीच माझी तोवरची समजूत होती. इथे घर रिकामं होतं आणि दाराला आतून कडी होती.

त्या कडीवरचा आकडा होता १०२४.

हा आकडा सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतोच. लिनक्समध्ये प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, जे जे उघडते त्याला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एक क्रमांक देतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे पहिले तीन क्रमांक इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात. त्यानंतर डिस्कवरची फाइल उघडा, नेटवर्कचं सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) उघडा, दोन प्रोसेसमधला पाइप उघडा, सगळ्यांना त्याच वहीतला पुढचा मोकळा क्रमांक मिळतो. म्हणून ‘ओपन फाइल्स’ची लिमिट दिसते फायलींची, पण गर्दीच्या सर्व्हरवर ती असते माणसांची. जोडलेला प्रत्येक ग्राहक म्हणजे एक डिस्क्रिप्टर. त्याच्यासाठी मागे डेटाबेसकडे आणखी एक कनेक्शन उघडलं, तर दोन.

आणि १०२४ का? एकाच वेळी अनेक सॉकेटांवर लक्ष ठेवायचा जुना मार्ग म्हणजे सिलेक्ट हा कॉल. त्याला द्यायची यादी ठरावीक लांबीची असते, एका डिस्क्रिप्टरला एक बिट, एकूण १०२४ बिट. यापुढच्या क्रमांकाचा डिस्क्रिप्टर त्या यादीत टाकायला गेलात, तर प्रोग्राम यादीबाहेरच्या मेमरीवर लिहून मोकळा होतो. म्हणजे ही लिमिट कंजूषपणातून आलेली नाही, जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेण्यातून टिकली आहे. आता त्याच कामासाठी ईपोल हा नवा कॉल आहे, हजारो सॉकेटं सहज सांभाळता येतात, तरी प्रोसेसची सुरुवातीची म्हणजे सॉफ्ट लिमिट बहुतेक ठिकाणी आजही १०२४ असते. ज्याला जास्त हवं त्याने हार्ड लिमिटपर्यंत, म्हणजे वरच्या हद्दीपर्यंत, स्वतः वाढवून घ्यावं, अशी ती पद्धत. १९९१ मधल्या लिनक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीत एका प्रोसेसला २० आणि सगळ्या मशीनला मिळून ६४ फायली उघडता यायच्या. एकट्या माणसाच्या टेबलावरच्या मशीनला ते पुरत होतं. मला हे वाचल्यापासून कर्नलमधल्या कुठल्याही आकड्याबद्दल आदर वाटतो. तो आकडा म्हणजे कुणीतरी, कधीतरी, समोरचं मशीन आणि समोरचं काम बघून बांधलेला अंदाज असतो.

त्या रात्री मात्र एवढा विचार करायला सवड नव्हती. मी पटकन लिमिट्स डॉट कॉन्फ ही फाइल उघडली, १०२४ च्या जागी ६५५३६ लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. सगळं सुरळीत चालू झालं. चाळीस मिनिटांनी पुन्हा तीच ओळ.

मी पुन्हा लॉग-इन केलं, यूलिमिट या कमांडने लिमिट विचारली, उत्तर आलं ६५५३६. मी जिथे कमांड टाइप करते त्या माझ्या शेलला नवी लिमिट मिळाली होती. सर्व्हिसला मिळाली नव्हती. ती फाइल वाचतो पॅम या लॉग-इन तपासणाऱ्या यंत्रणेचा एक मॉड्यूल, आणि तो चालतो लॉग-इनच्या वेळी. सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने सुरू केलेली सर्व्हिस लॉग-इन करतच नाही, त्यामुळे त्या फाइलमध्ये मी काहीही लिहिलं असतं तरी तिच्या कानावर गेलं नसतं. तिच्यासाठी तिच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टमडी वाचते त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लिमिट-नोफाइल लिहावं लागतं. हा फरक मला शिकवला तो प्रॉक या कर्नलच्या माहितीच्या डिरेक्टरीतल्या एका छोट्या फाइलने. प्रत्येक चालू प्रोसेसच्या क्रमांकाखाली लिमिट्स नावाची फाइल असते, आणि त्या प्रोसेसला या क्षणी खरोखर लागू असलेला प्रत्येक आकडा तिच्यात असतो. कॉन्फिगरेशन काय म्हणतं, मॅन्युअल काय म्हणतं, मी काय समजून चालले आहे, यातलं काहीही त्या फाइलसमोर टिकत नाही. त्या रात्रीपासून मी लिमिटबद्दल बोलण्याआधी ती फाइल उघडते.

युनिट फाइल सुधारली, आकडा लागू झाला, मी झोपले. तिसऱ्या दिवशी दुपारी तीच ओळ परत आली. या वेळी ६५५३६ संपले होते.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते. फार कमी बोलायचे. मी त्यांना म्हटलं, “सर, आता पाच लाख करते.” ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “करशील गं. पण आधी मोज. कोण सोडत नाहीये?”

मोजायला बसलो. प्रोसेसच्या एफडी नावाच्या डिरेक्टरीत तिने धरून ठेवलेला प्रत्येक डिस्क्रिप्टर एक दुवा म्हणून दिसतो. यादी काढली, तर पडद्यावरून सॉकेट, सॉकेट, सॉकेट असं वाहत गेलं. फायली मोजून वीस-पंचवीस. मग एसएस ही सॉकेटांची यादी देणारी कमांड चालवून त्यांच्या अवस्था बघितल्या. एस्टॅब्लिश्ड म्हणजे खरोखर बोलणं चालू असलेली तीनशेच्या आत. बाकी सगळी क्लोज-वेट.

क्लोज-वेट ही अवस्था मला तेव्हा नीट माहीत नव्हती. समोरच्याने ‘माझं झालं’ असं सांगितलेलं असतं. आपल्या कर्नलने ‘बरं’ म्हणून पोच दिलेली असते. आता फक्त आपल्या प्रोग्रामने सॉकेट बंद करायचं उरलेलं असतं, आणि तो ते करत नाही. इथे कर्नलकडे कुठलाही टाइमर नाही. प्रोग्राम जिवंत आहे तोवर कर्नल ते सॉकेट सांभाळत बसणार, कारण ते टाकायचा हक्क त्याचा नाहीच. समोरचा माणूस निघून गेलाय आणि आपण फोन कानाला लावून उभे आहोत, असे जवळजवळ पासष्ट हजार फोन.

चूक सापडली ती दोन ओळींची होती. मागच्या एका सेवेकडून वेळेत उत्तर आलं नाही की आमचा कोड एरर नोंदवायचा आणि तिथूनच परत फिरायचा. सॉकेट बंद करायची ओळ त्याच्या खाली होती. नेहमीच्या वाटेवर सगळं बंद व्हायचं, फक्त या आडवाटेवर नाही. ती सेवा दर काही मिनिटांनी मंदावायची, आणि प्रत्येक वेळी शे-दोनशे सॉकेटं कायमची अडकायची. मी लिमिट चौसष्ट पट केली होती, म्हणजे काय केलं होतं? कोसळणं चाळीस मिनिटांवरून दोन दिवसांवर ढकललं होतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शिवाय दोन दिवसांनी कोसळणारी गोष्ट शोधायला चाळीस मिनिटांत कोसळणाऱ्या गोष्टीपेक्षा कितीतरी अवघड असते, म्हणजे माझं औषध नुसतं निरुपयोगी नव्हतं, त्याने दुखणं झाकलंही होतं.

‘कोण सोडत नाहीये’ हा प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ आहे. सर्व्हरवरच्या जवळजवळ प्रत्येक लिमिटला तो विचारता येतो. मात्र त्याचं उत्तर दर वेळी सारखं येत नाही.

रांगेचं उदाहरण घ्या. टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवरचं नेहमीचं, कनेक्शन जुळलं की ते लगेच प्रोग्रामच्या हातात पडत नाही. कर्नल ते एका रांगेत उभं करतो आणि प्रोग्राम ॲक्सेप्ट म्हणत एकेक उचलून घेतो. ही रांग किती लांब असू शकते हे दोन आकड्यांवर ठरतं: प्रोग्रामने लिसन म्हणताना, म्हणजे कनेक्शनची वाट बघायला बसताना, मागितलेला बॅकलॉग आणि कर्नलचा सोमॅक्सकॉन. दोन्हींतला जो लहान, तो खरा. सोमॅक्सकॉन वर्षानुवर्षं १२८ होता. कर्नल ५.४ मध्ये, २०१९ साली, तो ४०९६ झाला.

एका सर्व्हरवर विचित्र तक्रार होती. बहुतेक विनंत्यांना वीस-तीस मिलिसेकंद लागायचे, पण काहींना एक सेकंद आणि काहींना तीन. मधलं काही नाही. आलेख काढला तर एक सेकंदावर एक सुळका, तीनवर दुसरा आणि सातच्या आसपास एक बारीकसा तिसरा. प्रोग्रामचा लॉग म्हणायचा की प्रत्येक विनंती तीस मिलिसेकंदांत निपटली. प्रोग्राम खोटं बोलत नव्हता. विनंती त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच वेळ जात होता.

एक, तीन, सात हे आकडे ओळखीचे वाटायला मला बराच वेळ लागला. कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट हरवलं, तर ग्राहकाचं मशीन एक सेकंद थांबून ते पुन्हा पाठवायचं, मग दोन सेकंदांनी, मग चार. बेरीज करा: एक, तीन, सात. म्हणजे पॅकेटं पडत होती. पण नेटवर्क तर ठणठणीत होतं. एसएसमध्ये लिसन करणाऱ्या सॉकेटची ओळ बघितली, तर तिथे दोन आकडे शेजारी शेजारी होते: १२९ आणि १२८. लिसन करणाऱ्या सॉकेटच्या बाबतीत पहिला आकडा म्हणजे या क्षणी रांगेत उभे असलेले आणि दुसरा म्हणजे रांगेची हद्द. हद्दीपेक्षा एक जास्त, कारण कर्नलची तपासणी ‘हद्द ओलांडली का’ अशी आहे. रांग तुडुंब भरली होती आणि लिनक्स अशा वेळी नवी पॅकेटं गुपचूप टाकून देतो. नकारही पाठवत नाही, कारण थोड्या वेळाने पुन्हा आलं तर जागा झालेली असेल, अशी त्याची अपेक्षा असते. लॉगमध्ये एक अक्षर नाही. फक्त लिसन-ओव्हरफ्लोज नावाचा एक काउंटर कुठेतरी आत वाढत राहतो.

१२९ आणि १२८. इतक्या दिवसांच्या तक्रारी त्या दोन आकड्यांत मावल्या होत्या. तो क्षण मला अजून आठवतो, आणि या कामाबद्दल मला जे प्रेम आहे त्यातलं बरंचसं अशाच क्षणांमुळे आहे.

सोमॅक्सकॉन वाढवला. फरक पडला नाही, कारण चालू सॉकेटला नवी हद्द लागत नाही. प्रोग्रामने पुन्हा लिसन म्हणावं लागतं. रीस्टार्ट केला. रांग १२८ वरून ५११ झाली, कारण प्रोग्रामचा स्वतःचा बॅकलॉग ५११ होता. तोही वाढवला. मग सुळके गेले.

इथे मी थांबले असते. पण तो प्रश्न होता ना. ॲक्सेप्ट कोण करत नाहीये? प्रोग्राम सेकंदाला साधारण ५०० विनंत्या निपटायचा. रांग ४०९६ ची केली आणि ती भरली, तर शेवटच्याला नुसतं उभं राहायलाच आठ सेकंदांहून जास्त लागणार. रांगेची लांबी म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध करून दाखवलं आहे आणि कर्नललाही त्यातून सुटका नाही. आमचे ग्राहक पाच सेकंद वाट बघून निघून जायचे. म्हणजे रांग पूर्ण भरल्यावर सर्व्हर घाम गाळून अशा लोकांची कामं करत राहिला असता जे केव्हाच गेले आहेत, आणि त्यापायी जे अजून उभे आहेत त्यांचाही उशीर वाढत गेला असता. शेवटी रांग १०२४ वर ठेवली, म्हणजे वाईटात वाईट दोन सेकंद. थोडा वेळ उसळणारी गर्दी त्यात मावते. त्यापलीकडची गर्दी म्हणजे सर्व्हरच कमी पडतोय आणि तिथे आणखी एक सर्व्हर लावणं हाच उपाय. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता याच्या अगदी उलट उदाहरण, जिथे न सोडणाराच बरोबर असतो.

एक मशीन दुसऱ्या एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टकडे (पोर्ट म्हणजे पत्त्यावरचा दाराचा क्रमांक) सतत छोटी छोटी कनेक्शन उघडत आणि बंद करत असेल, तर काही वेळाने ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ अशी एरर येते. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी कर्नल ३२७६८ ते ६०९९९ यांमधलं एक पोर्ट देतो, म्हणजे एकूण २८,२३२. कनेक्शन आपण आधी बंद केलं की ते पोर्ट ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत राहतं. भागाकार करा: सेकंदाला साधारण ४७०. त्याहून वेगाने उघडझाप केली की पोर्टं संपली. इथे पहिला राग टाइम-वेटवर निघतो. एसएसची यादी त्यांनी भरलेली दिसते आणि वाटतं, मेलेली कनेक्शन जागा अडवून बसली आहेत. पण ती उगाच बसलेली नसतात. जुन्या कनेक्शनचं वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट उशिरा आलं आणि तोवर त्याच पोर्टवर नवं कनेक्शन उघडलेलं असलं, तर एकाचा मजकूर दुसऱ्यात मिसळू शकतो. शेवटची पोच वाटेत हरवली, तर ती पुन्हा द्यायलाही कुणीतरी जागं लागतं. ते साठ सेकंद या दोन गोष्टींसाठी राखलेले आहेत, आणि ते कर्नलच्या कोडमध्येच पक्के आहेत. बरेच जण फिन-टाइमआउट नावाची सेटिंग कमी करून टाइम-वेट घटल्याचं मानतात. तिचा संबंध फिन-वेट-२ या वेगळ्याच अवस्थेशी आहे.

याहून वाईट होती टीडब्ल्यू-रीसायकल ही सेटिंग. कुणीतरी केव्हातरी ‘जलद सर्व्हरसाठी’ म्हणून जमवलेल्या सिससीटीएलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, ओळी वर्षानुवर्षं एका मशीनवरून दुसऱ्यावर जशाच्या तशा चिकटवल्या जात होत्या, आणि त्यांत ही असायची. आमच्याही एका मशीनवर होती. ती चालू असली की कर्नल समोरच्या प्रत्येक पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेटवरचा वेळेचा शिक्का, लक्षात ठेवायचा आणि त्याहून जुना टाइमस्टॅम्प असलेलं नवं कनेक्शन टाकून द्यायचा. एका पत्त्यामागे एकच मशीन असेल तर ठीक. पण एखाद्या ऑफिसातली शंभर मशीनं एकाच सार्वजनिक पत्त्यामागून येतात तेव्हा प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मग त्यातल्या एकाचं कनेक्शन जुळतं, शेजारच्याचं जुळत नाही, आणि दहा मिनिटांनी बरोबर उलटं होतं. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसावर कुणाचाच विश्वास बसत नाही, कारण तपासणाऱ्याच्या मशीनवरून सगळं नीट चालतं. आम्हीही त्या लोकांना अनेक आठवडे ‘तुमच्याकडचं नेटवर्क बघा’ असं सांगत राहिलो. ते आम्ही चुकीचं केलं आणि त्याची मला अजूनही खंत आहे. कर्नल ४.१२ मध्ये, २०१७ साली, ती सेटिंग पूर्णपणे काढून टाकली. आमच्या त्या गर्दीच्या मशीनवरचा खरा उपाय कर्नलमध्ये नव्हताच. दर विनंतीला नवं कनेक्शन न उघडता तीच कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरली, आणि टाइम-वेट शेकड्यांवर आली.

कॉनट्रॅकचं थोडक्यात सांगते. फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची नोंद एका टेबलात ठेवते, आणि ते भरलं की कर्नलच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ येतं. चालू कनेक्शनची नोंद काहीही हालचाल नसली तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस राहते. गर्दीच्या मशीनवर टेबल मोठं करण्याआधी हे पाच दिवस आपल्याला खरंच हवेत का ते बघावं. बहुतेक वेळा नको असतात.

आणि ‘अमर्याद’ लिहून मोकळं व्हावं, हा मोह. तो मलाही झाला होता. एका कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामसाठी वेगळ्या केलेल्या कप्प्यात, ओपन फाइल्सची लिमिट इन्फिनिटी ठेवली, प्रत्यक्षात तिचा आकडा झाला १,०७,३७,४१,८१६. एक जुना प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरचा एक पूर्ण कोअर जाळत बराच वेळ तसाच अडकायला लागला. तो बिचारा जुन्या शिस्तीचा होता. नवी प्रोसेस सुरू करण्याआधी वारशाने आलेले सगळे डिस्क्रिप्टर बंद करावेत म्हणून तो ३ पासून लिमिटपर्यंत प्रत्येक क्रमांकाला ‘बंद हो’ म्हणत होता. १०२४ असताना त्याला हे करायला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाही वेळ लागत नव्हता. आता तो शंभर कोटींच्या पलीकडे मोजत चालला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अंथरूणच मी क्षितिजापर्यंत घातलं होतं.

हल्ली मी एक गोष्ट न चुकता करते. सिससीटीएलच्या फाइलमध्ये किंवा युनिट फाइलमध्ये बदललेल्या प्रत्येक आकड्याच्या वर कॉमेंट लिहिते: आधी किती होता, काय मोजलं, कशामुळे बदलला, कधी. ज्या ओळीवर अशी कॉमेंट नाही ती ओळ मला दुसऱ्याच्या मशीनवर सापडली, तर मी तिच्या मालकाला शोधते. मालक सापडला नाही तर चाचणीच्या मशीनवर ती ओळ काढून काय होतं ते बघते. बऱ्याचदा काहीच होत नाही. ती ओळ ज्या कर्नलसाठी, ज्या मेमरीसाठी लिहिली होती ते मशीन केव्हाच भंगारात गेलेलं असतं. २०१९ नंतरच्या कर्नलवर सोमॅक्सकॉन मोठ्या अभिमानाने १०२४ ‘वाढवून’ ठेवलेला मी पाहिला आहे. तिथे तो न लिहिता ४०९६ असता. आम्ही रांग १०२४ वर ठेवली होती ती मोजून, प्रोग्रामच्या बॅकलॉगमध्ये, आणि का ते त्या ओळीवर लिहिलेलं आहे.

त्या पहिल्या सर्व्हरचं सांगायचं राहिलं. दोन ओळींची चूक दुरुस्त झाल्यावर मी आठवडाभर दर मिनिटाला एफडी डिरेक्टरीतले दुवे मोजून लिहून ठेवले. दुपारच्या सगळ्यात गर्दीच्या वेळी आकडा ३८० पर्यंत गेला आणि रात्री १४० वर आला. १०२४ सुद्धा कधी लागले नाहीत. लिमिट मी ६५५३६ वरून ४०९६ वर आणली, आणि आकडा १००० च्या वर गेला तर मला उठवावं असा अलार्म लावला. युनिट फाइलमध्ये त्या ओळीवर कॉमेंट लिहिताना सर मागे उभे होते. मी सगळे आकडे लिहिले, तारीख लिहिली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “कोण सोडत नव्हतं तेही लिही. पुढच्या माणसाला ते आधी लागेल.” मी त्या कोडमधल्या फंक्शनचं नाव शेवटी घातलं. फाइल सेव्ह केली.